पोरांच्या सभेचा ठराव

सरपंच झाल्यापासून आप्पासाहेब गागऱ्यांनी ज्या ज्या कागदावर सही केली, त्यातला एकही त्यांनी वाचला नव्हता. कागद आपणच वाचायचा तर सरकार ग्रामसेवकाला पगार कशाचा देतं, असं त्यांचं म्हणणं. आजवर ते खपून गेलं. पण सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात, गळ्यात कागदी फुलांचा हार (खऱ्या फुलांना ह्या दुष्काळात पाणी कुठलं), शेजारी पंचायत समितीचे सभापती आणि समोर सगळं खडकमाळ गाव, अशा थाटात त्यांनी जी सही ठोकली, ती आता सगळ्या घराच्या घशात काट्यासारखी आडवी बसली होती. तो काटा काढायला रविवारी सकाळी तिघे भाऊ माजघरात जमले.

आप्पासाहेब थोरले. सूर्यभान मधला, शेती, गडी, बैल सगळं तो पाहायचा आणि घरातल्या माणसांशीही बैलांशी बोलावं तसंच बोलायचा. श्रीमंत धाकटा, गावच्याच हायस्कुलात मास्तर. आणि ह्यांची बहीण मुक्ताबाई, आप्पासाहेबांच्या पाठची, आत चुलीपुढं भाकरी थापत होती. माजघर आणि चूल ह्यांच्यामध्ये छातीएवढी भिंत होती. गागऱ्यांच्या घरातलं सगळं राजकारण त्या भिंतीवरून मुक्ताबाईच्या परातीत पडायचं.

नवऱ्यानं संगमनेरात दुसरं घर केलं तेव्हा ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली, तेव्हापासून ही चूल तिची. मागच्या निवडणुकीनंतर तिला आणखी एक मान मिळाला. ग्रामपंचायतीत बाईमाणसासाठी जागा ठेवावी लागते असं ग्रामसेवकानं सांगितलं. बाहेरची बाई घेतली तर तिचा नवरा बोलायला येणार. आपल्या बायकोला, भागूबाईला घेतलं तर गाव तोंडावर हसणार. आप्पासाहेबांना बिननवऱ्याची आणि बिनतोंडाची बाई पाहिजे होती, आणि ती तर घरातच भाकरी थापत होती. मुक्ताबाई पंच झाली. ऑफिसची पायरी तिला कधी चढावी लागली नाही. सभा झाली असं आप्पासाहेबांनी ठरवलं की शिपाई कानिफनाथ बुक आणि शाईची गादी घेऊन परसदारी यायचा, "आत्याबाई, अंगठा," म्हणायचा. ती पिठाचा हात पदराला पुसून अंगठा द्यायची. पुढच्या भाकरीवर जांभळा ठिपका उठायचा. तव्यावर गेला की तोही दिसायचा नाही.

हे असं सगळं बिनबोभाट चाललं होतं. ते बिघडवलं श्रीमंतच्या नागरिकशास्त्रानं.

नागरिकशास्त्र म्हणजे शाळेतला सगळ्यात गरीब विषय. शेवटचा तास, अर्धा वर्ग पेंगलेला, मास्तर पुस्तकातून वाचतोय आणि पोरं घंटेकडं कान लावून बसलीत. श्रीमंतही तसंच शिकवायचा. पण आदल्या वर्षी तो संगमनेरला मास्तरांच्या शिबिराला गेला आणि तिथून काहीतरी चावल्यासारखा परत आला. नागरिकशास्त्र वाचायचं नसतं, करायचं असतं, असं तो म्हणू लागला. दर शनिवारी नववीचा वर्ग लिंबाखाली बसून ग्रामसभा भरवू लागला. पाळीपाळीनं सरपंच, पाळीपाळीनं पंच, बाकीचे ग्रामस्थ. मग त्यानं पोरांना दोराला दगड बांधून गावातल्या एकूण एक विहिरीवर पाठवलं, कुठं किती पाणी उरलंय ते मोजायला. मग एकेका पोराला एकेका पंचाकडं धाडलं, तुम्ही पंच म्हणून यंदा काय काम केलं ते विचारून या म्हणून. एका पंचानं पोरांवर कुत्रं सोडलं. पोरांनी ते 'पंचांचे उत्तर' म्हणून वर्गात जसंच्या तसं वाचून दाखवलं.

आप्पासाहेबांची थोरली पोर पुष्पावती त्याच वर्गात. तिच्या वाट्याला घरचीच पंच आली. ती चुलीपुढं बसली आणि अगदी शाळेतल्या आवाजात तिनं विचारलं, "आत्या, पंच म्हणून तू यंदा काय काम केलं?"

"भाकरी केल्या," मुक्ताबाई म्हणाली.

पोरीनं तेच लिहिलं. वर्ग हसून लोळला. त्या संध्याकाळी श्रीमंतनं जेवताना तो विनोद भावांना सांगितला आणि भाऊही हसले, सूर्यभानला तर ठसका लागला. मुक्ताबाईनंच त्याला पाण्याचा तांब्या दिला. तीही हसली होती. पण त्या दिवसापासून आपलं हसू आपल्यालाच थोबाडीत मारल्यासारखं लागतंय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

आणि मग ते सव्वीस जानेवारीचं. एरवी ह्या गावात ग्रामसभा कशी व्हायची तर लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले की भर दुपारी कानिफनाथ एकदा सरपंचाच्या दारात आणि एकदा स्वतःच्या दारात हलगी बडवायचा. दवंडी झाली. लोक आले नाहीत तर सरपंच काय करणार? पण यंदा सभापती येणार होते, आणि रिकाम्या पटांगणात त्यांना बसवणं बरं दिसलं नसतं. झेंडावंदनाला जोडूनच शाळेत सभा घेऊ, आधी पोरं आपली सभा करून दाखवतील, असं श्रीमंतनं सुचवलं आणि आप्पासाहेबांना ते पटलं. खडीच्या कामाला सुट्टी होती. आपापल्या पोरांची लेझीम बघायला सगळं गाव लोटलं. खडकमाळात पहिल्यांदा खरीखुरी ग्रामसभा भरली, आणि हे पोरांशिवाय कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सरकारनं गावाला पाझर तलाव दिला होता. तो कुठं बांधायचा, एवढाच प्रश्न. आंबराईच्या नाल्यावर बांधला तर खाली गागऱ्यांचा मळा आणि भावकीच्या विहिरी. भोंडवीच्या ओढ्यावर बांधला तर खाली गावविहीर, बौद्धवाड्याची विहीर आणि धनगरवस्ती. आप्पासाहेबांनी आंबराई केव्हाच ठरवून टाकली होती. पण त्या दिवशी सरपंचाची पाळी होती पुष्पावतीची. तिनं त्याच सकाळी पुन्हा विहिरी मोजलेले दोर सगळ्यांसमोर दांडीवर टांगले. गागऱ्यांच्या विहिरीचा दोर पुरुषभर ओला होता. गावविहिरीच्या दोराच्या टोकाला नुसता चिखल होता. तेवढं दाखवून पोरीनं भोंडवीसाठी हात वर करायला सांगितलं. आधी पोरांनी केले. मग मागं बसलेल्या बायांनी केले. मग सगळ्यांनीच.

सभापतींना गहिवर आला. असं गाव आपण पाहिलं नाही, असा सरपंच पाहिला नाही, वगैरे. झालं, आप्पासाहेब फुगले. पोरांची सभा हीच आमची ग्रामसभा, असं गर्जून त्यांनी ग्रामसेवकाच्या हातातलं बुक ओढलं आणि फोटोवाला कुठं उभा आहे ते पाहत सही केली. पोरांचं नाटक आहे, नाटकानं काय बिघडतं, असा त्यांचा समज. सभापती ठरावाची नक्कल खिशात घालून पारनेरला गेले. आता ह्याच रविवारी दिवस मावळायच्या आत ओव्हरसियर चुन्याची फक्की मारून तलावाची जागा आखायला येणार होता, आणि फक्की पडणार होती भोंडवीवर.

"फोटूनं हिरी भरत्यात व्हय रं, आप्पा?" सूर्यभाननं सुरुवातच तिथून केली.

आप्पासाहेबांनी आधी ताठरपणा दाखवला. गावापुढं शब्द दिलाय, नगरच्या पेपरात नाव आलंय, शब्द फिरवला तर सभापती काय म्हणतील. सूर्यभाननं ऐकून घेतलं आणि मग दुखरी जागा बरोबर दाबली. आंबराईखाली नुसता आपला मळा नाही, भावकीच्याही विहिरी आहेत. पाणी भोंडवीकडं गेलं तर भावकी फुटणार, आणि भावकी फुटल्यावर पुढच्या टायमाला गळ्यात हार घालायला कुणी येणार नाही, कागदाचासुद्धा नाही. आप्पासाहेब विचार करू लागले की त्यांच्या मिशीचं एक टोक हलायचं. मुक्ताबाईनं भिंतीवरून पाहिलं. टोक हललं होतं. झाला बाजूला, ती मनात म्हणाली. ह्याचा ताठरपणा एका भाकरीएवढा वेळसुद्धा टिकला नाही.

राहिला श्रीमंत. तो म्हणाला की ठराव कायदेशीर आहे, मुलांनी कष्ट घेतलेत, आता तो बदलणं शैक्षणिकदृष्ट्या घातक ठरेल. बोलला छान. मुक्ताबाईला क्षणभर त्याचा अभिमानही वाटला. लहानपणी तिनंच त्याला कडेवर वागवलं होतं.

सूर्यभान चिडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "श्रीमंता, वाटणीत खालच्या अंगाची हीर कुणाला यायची?"

श्रीमंत सदऱ्याची बाही सारखी करू लागला.

"तुलाच ना? मग तू सांग. हीर पायजे का नागरिकशास्त्र?"

श्रीमंतनं घसा साफ केला. तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर मुलांचं मोजमाप अंतिम मानता येणार नाही, असं तो म्हणाला. दोर ताणला जातो. शिवाय विद्यार्थी हे अजून मतदार नाहीत.

चुलीपाशी मुक्ताबाईनं भाकरी उलटली ती इतक्या जोरात की ती तव्याबाहेर गेली.

आता उरला हिशोब हातांचा. पंच नऊ. आप्पासाहेब धरून चार ह्या बाजूचे. चार पलीकडचे, त्यांनी पटांगणात गावाचे हात वर गेलेले पाहिले आणि इतकी वर्षं न सापडलेला कणा त्यांना अचानक सापडला. त्यांचा म्होरक्या धनगरवस्तीचा आसाराम उपसरपंच. घरी बुक पाठवाल तर उंबऱ्यावरून परत जाईल, असं त्यानं सांगून टाकलं होतं. नववी मुक्ताबाई. तिचा अंगठा आला की नवा ठराव झाला, तो ओव्हरसियरच्या हातात दिला की फक्की आंबराईवर. तिला विचारायचं असतं हे तिघांपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आप्पासाहेबांनी कानिफनाथला हाक मारली.

तो नेहमीसारखा परसदारी आला. "आत्याबाई, अंगठा."

"काय लिव्हलंय त्यात?"

कानिफनाथ गडबडला. इतक्या वर्षांत हा सवाल त्याला कुणी केला नव्हता, सरपंचानंसुद्धा. त्यानं बुकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग माजघराकडं. तव्याखालचा जाळ ओढीत मुक्ताबाई म्हणाली, "ठिव तिथं. मला सवड न्हाई."

एवढ्याशा बोलण्यानं माजघरातली तिन्ही डोकी भिंतीवरून वर आली.

आधी धाडलं श्रीमंतला, शिकलेला म्हणून. तो पाटावर बसला आणि समजुतीच्या आवाजात बोलू लागला. लोकशाहीत कधी दोन पावलं मागं यावं लागतं. भोंडवीचं काम पुढच्या वर्षी करून घेऊ, तो स्वतः अर्ज करील. मुलांनाही समजावून सांगील की प्रत्यक्ष कारभारात अडचणी असतात, आणि हाही एक धडाच आहे. मुक्ताबाई ऐकत राहिली. ह्याच आवाजात हा पोरांना उलटं शिकवत होता की, तिला वाटलं. शब्द बदलले, आवाज तोच.

"पोरांना तू काय सांगितलं हुतं?" तिनं विचारलं. "पंचाला इचारा म्हणून?"

"आक्का, तो अभ्यास होता."

"आन हे?"

"हे घर आहे."

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं हेबी अभ्यासच हाय."

श्रीमंत उठला. त्याच्या जागी भागूबाई आली. ती एरवी नणंदेशी कामापुरतं बोलायची, आणि आज तर पोरीच्या पराक्रमानं ती आधीच तापलेली. वन्सं, कशाला इस्तू पेटिवता, एक अंगठा तर द्यायचा, तुमच्या बापाचं काय जातंय, असं ती म्हणाली. पण म्हणताना तिनं बुकाकडं असं पाहिलं, जसं बाई दुसरीच्या अंगावरच्या दागिन्याकडं पाहते. मुक्ताबाईला ते दिसलं. सरपंचाची बायको होऊन भागूबाईला कधी कुणी अंगठासुद्धा मागितला नव्हता.

शेवटी सूर्यभान दारात येऊन उभा राहिला. त्यानं समजूत वगैरे घातली नाही.

"आक्का, सरळ सांगतो. ह्या घरात ऱ्हायचं आसंल तर अंगठा दे. न्हाईतर ट्रंक उचल आन संगमनेरचा रस्ता धर. तिथं तुझी सवत वाट बघतीया."

माजघरातून आप्पासाहेबांनी, "सूर्यभान, आसं बोलू नये," असं म्हटलं. बस, तेवढंच म्हटलं. बहिणीला घराबाहेर काढू नये असं नव्हे. फक्त तसं बोलू नये.

पुष्पावती कोपऱ्यात डाळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले होते. मुक्ताबाईनं शेवटची भाकरी टोपल्यात ठेवली, हात धुतले, पदर सारखा केला. मोठ्या भावाचं गुळमुळीत तोंड, मधल्याचं बैलाचं, धाकट्याचं चष्म्यामागं लपलेलं; तिघांना तिनं एकदाच नीट बघून घेतलं. ह्या तिघांच्या पोटात आपल्या हातच्या किती भाकरी गेल्या असतील आणि त्यातून निपजलं काय, असं तिच्या मनात आलं.

"मी न्हाई म्हणले न्हाई," ती म्हणाली. "पर घरात न्हाई. ऑफिसात. सभा भरवा, मला बलवा, समद्यांपुढं इचारा. मंग काय द्यायचं ते देते."

आप्पासाहेबांना हायसं वाटलं. बाईला मान पाहिजे, खुर्ची पाहिजे. पोरांच्या त्या नाटकानं तिच्या डोक्यात हवा गेली, एवढाच अर्थ त्यांनी काढला. देऊन टाकू. चार पुरुषांत बसल्यावर तोंड उघडायची तिची काय बिशाद? आणि त्या बहाण्यानं विरोधकांना सभेची पुरी नोटीस मिळाली असंही लिहिता येईल. सूर्यभान मात्र तिच्याकडं बघत राहिला. बाजारात जनावर घेताना तो असाच बघायचा.

उन्हं कलली तशी ती ऑफिसची पायरी चढली. आत एक टेबल, तीन खुर्च्या, एक बाक. बाईमाणसानं बसायची जागा कुठं, हा प्रश्न ह्या ऑफिसात कधी पडलेलाच नव्हता. कानिफनाथनं कोपऱ्यात पोतं अंथरलं. तिनं त्या पोत्याकडं पाहिलं आणि जाऊन बाकाच्या टोकाला आसारामशेजारी बसली. आसाराम इतका दचकून सरकला की पलीकडचा पंच पडता पडता राहिला. दोघांनीही मान खाली घातली. गावाचं पाणी वाचवायला निघालेले हे शूर, शेजारी बाई बसली म्हणून घामाघूम झाले.

आणि मग खिडक्यांत तोंडं दिसायला लागली. नववीचा वर्ग. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पोरांच्या मागं त्यांचे बाप होते, सुट्टीचे म्हणून पारावर बसलेले, आणि घागरी घेऊन गावविहिरीवर ताटकळलेल्या बाया. श्रीमंत लगबगीनं पुढं आला आणि पोरांना घरी पिटाळू लागला. आज शनिवार नाही, हा काही तास नाही.

"सर," पुष्पावती म्हणाली. घरी ती त्याला काका म्हणायची. "सभा उघडी असते. दार लावायचं तर आधी तसा ठराव करावा लागतो. तुम्हीच लिहून दिलंय."

श्रीमंतनं आजूबाजूला पाहिलं, आणि चूक पोराची असेल तेव्हा मास्तर जसं हसतात तसं हसला. चूक पोराची नव्हती.

ग्रामसेवकानं नवा ठराव वाचला: मागील ठराव रद्द, तलाव आंबराईच्या नाल्यावर. आप्पासाहेबांनी अनुकूल हात मागितले. स्वतःचा पहिला वर केला, मागून तीन आले. मग ते बाकाकडं वळले. पदर पुढं ओढून मुक्ताबाई मांडीवर हात ठेवून बसली होती.

"मुक्ते, हात."

ती हलली नाही.

"हात वर कर म्हणतोय मी."

"मी त्या बाजूची हाय, आप्पा," ती म्हणाली.

खिडकीत कुणीतरी श्वास ओढला. आप्पासाहेबांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं, ग्रामसेवकानं शाईच्या दौतीत पाहिलं. प्रतिकूल कोण, हे सरपंच विचारीचनात, तेव्हा ते आसारामनं विचारलं, बाकाकडं न पाहता. पाच हात वर झाले. तिचा सगळ्यात उशिरा झाला, कारण तो तिनं पदरातून बाहेर काढला आणि मगच उचलला. दारात उभा असलेला सूर्यभान एक शब्द न बोलता वळला आणि घराच्या दिशेनं निघाला. तो कशाला निघाला हे मुक्ताबाईला सांगावं लागलं नाही.

बाहेर लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आणि त्या टाळ्यांनीच आप्पासाहेबांना वाचवलं. टाळी ऐकली की ती आपलीच आहे असं समजायची सवय त्यांच्या रक्तात मुरली होती. चेहरा आधी पांढरा पडला होता, तो हळूहळू उजळला. ते उठले, बाहेर पायरीवर आले, दोन्ही हात वर केले.

"ग्रामस्थहो," ते म्हणाले. "माझ्या बहिणीला मीच सांगितलं होतं. घराविरुद्ध गेलं तरी चालंल, पण न्यायानं वाग. गागऱ्यांच्या घरातली बाई न्यायाला चुकत नसती."

पहिली टाळी श्रीमंतनं वाजवली. मग पुष्कळांनी. आप्पासाहेब दाराकडं वळले आणि मागं उभ्या असलेल्या बहिणीकडं त्यांनी पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. सौदा होता. गप्प राहा, म्हणजे थोरपणा माझा, आणि ट्रंक पुन्हा घरात. सूर्यभानला मी बघतो. चूल तुझी.

मुक्ताबाईला तो सौदा पुरता कळला. इतकी वर्षं हाच चालला होता. बुक आणि शाई नव्हती, एवढाच आज फरक. तिनं एकवार घराच्या दिशेनं पाहिलं. तिला जायला दुसरं दार नव्हतं, हे ह्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. गप्प राहिली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. पाणी तर मिळालंच होतं.

"आप्पानं मला काई सांगितलं न्हाई," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण मागच्या बायांपर्यंत पोचला. "आप्पानं सकाळी अंगठा मागितला, आंबराईसाठी. आत्ता हातबी आंबराईसाठीच वर केला, पोरांनी बघितलाय. सूर्यभान म्हणला घराभायेर काढीन. आन ह्यो तुमचा मास्तर, ह्यानं मला गप बसायचं शिकिवलं. ह्यो आता टाळ्या वाजिवतोय."

टाळ्या थांबल्या होत्या. श्रीमंतचे हात तसेच एकमेकांवर राहिले.

"सूर्यभाननं माझी ट्रंक आत्तापतूर दारात टाकली आसंल," ती पुढं म्हणाली. "म्या आता कुठं ऱ्हायचं, त्येबी ठरवा. सभा भरलीच हाय."

ह्यावर मात्र खडकमाळ गावाला एकाएकी पुष्कळ कामं आठवली. ज्यांच्या विहिरीत तिच्या हातानं पाणी येणार होतं, ते आपापल्या पायताणांकडं पाहू लागले. आसाराम उपसरपंचानं डोक्यावरची टोपी काढून आतून तपासली. घागरी घेतलेल्या बायांनी नवऱ्यांकडं पाहिलं आणि नवऱ्यांनी पाराकडं. आप्पासाहेब पायरी उतरून चालायलाही लागले. कुणीतरी काहीतरी बोललं पाहिजे होतं, आणि बोलण्याची सवय असलेला तिथं एकच माणूस उरला होता.

"आक्का," श्रीमंत म्हणाला, "हा घरगुती प्रश्न आहे. तो सभेच्या कक्षेत येत नाही."

"पाणी तुझ्या हिरीत न्यायचं हुतं," मुक्ताबाई म्हणाली, "तवा कक्षेत येत हुतं व्हय?"

आणि ती पायरीवर बसली. गाव ठरवीपर्यंत इथून उठायची नाही म्हणाली.

श्रीमंतनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पोरांकडं वळून, वर्गात तास संपल्यावर सांगावं तसं, सभा संपली, आपापल्या घरी जा, म्हणून सांगितलं.

पुष्पावती पायरीखाली मातीत बसली. तिच्यामागं वर्ग बसला.